मुंबईतील वारसाफेरी: आपले शहर आपल्याला कोणी दाखवावे, आणि कोणत्या भाषेत?

वैशाली_दादर | १६ नोव्हेंबर, रात्री ९.१२

आज सकाळी मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी फोर्टमधल्या एका वारसाफेरीला जाऊन आलो. डोई काहीशे रुपये, पंधरा-सोळा माणसे, दोन तासांचे चालणे. वाटाड्या तरुण होता, अभ्यासू होता आणि मनापासून सांगत होता, हे आधीच नमूद करते. फ्लोरा फाउंटनपाशी त्याने चांगली वीस मिनिटे घेतली. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याच्या भिंती कशा पाडल्या, चर्च गेट नावाचा दरवाजा जिथे होता तिथेच १८६४ साली हे कारंजे कसे उभे राहिले, नॉर्मन शॉ यांचा आराखडा आणि इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा दगड, हे सारे मुलीने वहीत उतरवून घेतले.

तिथून दहा-वीस पावलांवर मशाल घेतलेल्या दोन आकृतींचे हुतात्मा स्मारक आहे. त्याविषयी वाटाड्याने एकच वाक्य सांगितले आणि तो पुढे निघाला. मुलीने त्याला गाठून विचारले, की इथेच कोणी मरण पावले होते का. राज्याच्या मागणीसाठी काही आंदोलन झाले होते, एवढेच उत्तर आले, तेही इंग्रजीत. तिने वही मिटली.

घरी आल्यावर मी सासऱ्यांना हे सांगितले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि फोर्टला अजूनही 'कोट' म्हणतात. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, की मलाही एकदा तिकडे घेऊन चल.

म्हणून येथील जाणकारांना दोन गोष्टी विचारते. अशा फेऱ्यांमधून शहर खरोखर कळते का, की आपले आपण हिंडणे बरे? आणि एक वयस्कर गृहस्थ व एक शाळकरी मुलगी यांना झेपेल, मराठीतून सांगता येईल, असा दोन तासांचा मार्ग कोणी सुचवील का?

कोटकर | १६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

वैशालीताई, तुमच्या सासऱ्यांचा 'कोट' हा शब्द जपून ठेवण्यासारखा आहे. किल्ला १८६०च्या दशकात गेला, अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट हे तिन्ही दरवाजे गेले, तरी चर्चगेटची गाडी आपण रोज पकडतो. ज्या चर्चवरून त्या दरवाजाला नाव मिळाले ते सेंट थॉमस कॅथिड्रल १७१८ सालापासून आजही हुतात्मा चौकाच्या पूर्वेला उभे आहे, आणि स्थानक मात्र चौकापासून बरेच पश्चिमेला आहे. चर्च, दरवाजा आणि स्थानक या तीन जागा एका ओळीत चालून पाहिल्या, की कोट केवढा होता आणि समुद्र किती मागे सरला याचा अंदाज पायांना येतो. त्यासाठी पुस्तक लागत नाही, पण ही ओळ कोणीतरी दाखवून द्यावी लागते. मला ती माझ्या वडिलांनी दाखवली. ज्यांना असे वडील नाहीत त्यांच्यासाठी वारसाफेरी हवीच.

चुनेगच्ची | १६ नोव्हेंबर, रात्री ११.४०

मी वास्तुरचनाकार आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करते. फेऱ्यांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. वास्तुशिल्पज्ञाचे नाव आणि साल सांगितले की इमारत सांगून झाली, असे बहुतेक वाटाडे समजतात. दगडाला कोणी हात लावायला सांगत नाही.

मुंबईच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या नक्षीदार, इमारतींचा दगड एका जातीचा नाही. मालाडचा दगड पिवळसर, मधाच्या रंगाचा असतो. काळा पाषाण हा आपला बेसाल्ट. तो इतका टणक की त्याच्या भिंती आणि जोती बांधावीत, पण त्यात बारीक पाने-फुले कोरणे फार कष्टाचे. पोरबंदरचा चुनखडीचा दगड फिका आणि मऊ, म्हणून नक्षी त्यात. भिंतीजवळ उभे राहून नीट पाहिले, तर ज्या ठिकाणी कोरीव काम सुरू होते त्याच ठिकाणी दगडाचा रंग बदललेला पुष्कळदा दिसतो. ते पाहायला दोन मिनिटे लागतात आणि एकदा दिसले की पुन्हा ती इमारत आधीसारखी दिसत नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे काम १८७८ साली सुरू झाले आणि १८८८ साली संपले. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, हे सगळे सांगतात. पण खांबांच्या माथ्यावरची पाने, पक्षी आणि प्राणी घडवण्यात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता, हे सांगायला वाटाड्या एक मिनिट थांबला, तर चौदा वर्षांच्या मुलीला ती इमारत जवळची वाटेल. त्या मुलांपैकी कित्येक तिच्याहून फार मोठी नसतील.

माझगावकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

चुनेगच्ची यांच्याशी सहमत, पण मराठीच्या आग्रहाशी मी पूर्ण सहमत नाही. या शहराचे घडीव दगड रचणारे कामाठी, कच्छी आणि गोव्याचे कारागीर, पैसा देणारे पारशी, गुजराती आणि बगदादी ज्यू, आखणी करणारे इंग्रज. हुतात्मा चौकाच्या आसपास अर्ध्या तासाच्या चालण्यात सिनेगॉग, अग्यारी आणि चर्च लागते. असे शहर सर्वांना समजेल अशा भाषेत सांगितले, तर त्यात गैर काय?

वैशाली_दादर | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

माझगावकर, इंग्रजी फेरीला माझा विरोध नाही. ती असावीच. पण आठवड्याला इतक्या फेऱ्या निघतात, त्यांतली एक मराठीत का असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोटकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

माझगावकर, मराठीतून मुंबई सांगण्याची परंपरा काही आज सुरू करायची नाही. कोटाच्या भिंती पाडल्या जात होत्या त्याच सुमारास, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकरांनी या शहराचे सविस्तर वर्णन मराठीत छापले होते. भाषा तयार होती. आपण ती मध्येच कुठेतरी खाली ठेवली.

वाटाड्या | १७ नोव्हेंबर, दुपारी १.३०

मी गेली अकरा वर्षे अशा फेऱ्या घेतो. वैशालीताईंच्या फेरीत मी नव्हतो, तरी त्यांची तक्रार मला रास्त वाटते आणि मी ती माझ्या सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवीन.

आमच्या बाजूने काही सांगतो. मराठीत फेरी जाहीर केली तर पहिल्या वर्षी चार माणसे आली आणि त्यांतली दोन माझ्या नात्यातली होती. लोक म्हणतात, आपले शहर पाहायला पैसे कशाला द्यायचे. पैसे वाटाड्याच्या दोन तासांचे नसतात. त्या दोन तासांसाठी त्याने जुनी राजपत्रे, नकाशे आणि नगरपालिकेचे अहवाल वाचण्यात घालवलेल्या महिन्यांचे असतात. हे पटेल तेव्हा मराठी फेऱ्या आपोआप वाढतील. आता चित्र बदलते आहे, आणि गेल्या पावसाळ्यानंतर माझी प्रत्येक मराठी फेरी भरली.

एक व्यवहाराची गोष्ट, कारण ती फार थोड्या जणांना सुचते. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर आणि विद्यापीठ या इमारती आहेत आणि त्यांची तोंडे पश्चिमेला आहेत. मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे गोल कोपऱ्यांच्या काँक्रीट शैलीच्या, इमारतींची रांग पूर्वेकडे तोंड करून उभी आहे. सकाळी आठ वाजता ऊन आर्ट डेकोच्या अंगावर असते आणि राजाबाई टॉवर सावलीत काळवंडलेला दिसतो. दुपारी साडेचारनंतर नेमके उलट होते आणि तोच मनोरा सोन्यासारखा उजळतो. बहुतेक फेऱ्या उन्हाच्या भीतीने सकाळी गॉथिक इमारती दाखवतात, म्हणजे लोक नक्षीऐवजी नक्षीची सावली पाहून घरी जातात.

याच मैदानात उभे राहून मी आणखी एक गोष्ट सांगतो. गॉथिक इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्या समोर समुद्र होता. पुढे बॅकबेचा भराव झाला आणि १९३०च्या दशकात मधल्या जागेवर काँक्रीटच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती आल्या. एकाच मैदानाच्या दोन काठांवर दोन शतकांच्या दोन कल्पना समोरासमोर राहिल्या. या दोन्ही रांगा आणि मरीन ड्राइव्ह मिळून ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

सुनंदा_माटुंगा | १७ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

आर्ट डेको पाहायला ओव्हलला जावेच लागते असे नाही. माटुंगा, शिवाजी पार्क, दादरची हिंदू कॉलनी येथल्या कित्येक तीन मजली इमारतींच्या जिन्याच्या गजांमध्ये उगवत्या सूर्याची किंवा लाटांची नक्षी आहे. खिडक्यांवर भुवयांसारखे पातळ छज्जे आहेत, जे पावसाचे पाणी आणि दुपारचे ऊन दोन्ही अडवतात. आमच्या इमारतीच्या प्रवेशदारात १९३९ हे साल सिमेंटमध्ये उठवलेले होते. गेल्या वर्षी रंगकाम करताना ठेकेदाराने ते लांबी भरून सपाट केले आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आले नाही. मला ते आठ दिवसांनी दिसले. तेव्हापासून मी शेजारच्या मुलांना दर महिन्याला एका इमारतीचा जिना दाखवते. त्यालाही फेरीच म्हणावे.

ओसरी | १७ नोव्हेंबर, रात्री ८.४५

खोताचीवाडी ज्यांच्या फेरीत असते त्यांनी कृपया हे वाचावे. मी त्या वाडीत वाढले आणि अजून तिथेच राहते.

दादोबा वामन खोत यांनी आपल्या जमिनीचे तुकडे आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती, पूर्वजांना घरे बांधायला दिले, म्हणून ती खोताचीवाडी. लाकडी घरे, पुढे ओसरी, बाहेरून वर जाणारा जिना, वाडीच्या वाटेवर क्रूस. एके काळी अशी पासष्टएक घरे होती. आता तीसही उरली नाहीत. जी उरली आहेत त्यांचा दर पावसाळ्यात वासा कुजतो, कौल फुटते, आणि मालक स्वतःच्या पैशाने ती उभी ठेवतो.

दर शनिवार-रविवारी सात-आठ जथे येतात. त्यांतल्या एका संस्थेच्या वाटाड्याने माझ्या ओसरीच्या पायरीवर उभे राहून, मी आत भाजी चिरत असताना, वीस लोकांना सांगितले की ही जमात आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. मी बाहेर आले आणि म्हणाले, की मी इथेच आहे. तो मराठी समजणारा होता, ओशाळला, पण लोकांनी माझेही छायाचित्र काढले.

मी फेऱ्यांच्या विरोधात नाही. माणसे आली नसती तर ही घरे कधीच टॉवर झाली असती, हेही मला कळते. माझे मागणे लहान आहे: दहापेक्षा जास्त माणसे आणू नका, दाराशी थांबण्याआधी विचारा, आणि आमच्याबद्दल आम्हाला बोलू द्या. आमची मराठी तुम्हाला थोडी वेगळी ऐकू येईल, पण ती मराठीच आहे.

माझगावकर | १७ नोव्हेंबर, रात्री ९.३०

ओसरी, मी माझगावच्या माथारपाखाडीचा, अशाच जुन्या वाडीतला. तुम्ही लिहिलेला शब्दन् शब्द आमच्याकडेही लागू आहे. आणि हो, भाषेबद्दलचे माझे सकाळचे मत मी थोडे मागे घेतो. परक्या भाषेत माणसाबद्दल त्याच्या दारात उभे राहून काहीही बोलता येते. त्याला समजणाऱ्या भाषेत बोलायचे तर आधी विचार करावा लागतो.

तिसरा_मजला | १८ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

ओसरी यांचे वाचून लिहावेसे वाटले. माझा जन्म नायगावच्या बीडीडी चाळीत झाला. एकशे साठ चौरस फुटांची खोली, मजल्यावर वीस खोल्या, इमारतीत ऐंशी, मध्ये लांब अंधारी मार्गिका आणि टोकाला सामाईक संडास. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या अशा २०७ चाळी होत्या, सर्वांत जास्त वरळीला. आता त्या एकेक करून पाडल्या जात आहेत आणि माझ्या बहिणीला नव्या इमारतीत स्वतःचा संडास असलेले घर मिळणार आहे. तिच्यासमोर कोणी 'चाळ हा वारसा आहे' असे म्हटले तर मला राग येईल. पण चाळीचा उल्लेख न करता कोणी मुंबईच्या वास्तूंचा इतिहास सांगितला तरीही मला राग येतो. या दोन्ही गोष्टी मी एकदम मनात बाळगतो आणि त्यात मला विरोध दिसत नाही.

गिरणगावातल्या फेरीत काय दाखवावे, असे मला एकदा विचारले होते. मी म्हणालो, भिंती थोड्या उरल्या आहेत, म्हणून कामे दाखवा. कोणत्या पाळीला कोणता भोंगा होत असे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-दहा माणसे कोणाच्या खाणावळीत जेवत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून बांधली. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परतायला गिरणी उरली नाही. आणि ज्या रविवारी तुम्ही फेरीला येता, त्या रविवारची सुटी मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मिळाली. प्रत्येक रविवारच्या फेरीच्या आरंभी हे नाव घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

चुनेगच्ची | १८ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

तिसरा मजला, तुमचा प्रतिसाद छापून मी माझ्या कार्यालयात लावला आहे.

शिवडी_बंदर | १८ नोव्हेंबर, दुपारी १२.२५

फेऱ्यांत सांगितल्या जाणाऱ्या कथांबद्दल कोणी बोलले नाही. वॉटसन हॉटेलपाशी प्रत्येक वाटाडा सांगतो, की जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले. इतिहासकारांनी या कथेवर शंका घेतलेली आहे. तीच इमारत ओतीव लोखंडाचे सुटे भाग इंग्लंडमध्ये घडवून, जहाजाने आणून १८६०च्या दशकात इथे जोडली, आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिए बंधूंची चित्रफीत देशात पहिल्यांदा तिथेच दाखवली गेली. एवढे खरे हाताशी असताना संशयास्पद कथा कशाला हवी?

वाटाड्या | १८ नोव्हेंबर, दुपारी २.००

शिवडी बंदर, खरे आहे. मीही ती कथा अनेक वर्षे सांगत होतो. आता ती 'अशी कथा सांगतात' असे म्हणूनच सांगतो, कारण कथा का पसरली यातही इतिहास आहे. लोकांना तो अपमान खरा वाटला, याला कारणे होती.

पायधुनी | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१५

इमारती पडतात, नावे टिकतात. पायधुनीला एके काळी भरतीचे पाणी येई आणि खाडी ओलांडून आलेला माणूस तिथे पाय धुऊन गावात शिरे. हॉर्नबी वेलार्ड या बांधाने महालक्ष्मीजवळचे खिंडार बंद केले आणि पाणी आटले, पण नाव राहिले. आज तिथे उभे राहिले तर चारही बाजूंनी दुकाने आणि हातगाड्या आहेत. मराठी माणसाला हे नाव ऐकताच कळते. भाषांतर करून सांगावे लागले की त्यातले पाणी जाते. मराठी फेरीचा मला दिसणारा सर्वांत मोठा लाभ हा आहे.

कोटकर | १८ नोव्हेंबर, रात्री ९.००

वैशालीताईंचा मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे. त्यांच्यासाठी मार्ग सुचवतो.

दुपारी चारला रीगल चित्रपटगृहासमोर भेटावे. तिथे चौकात दोन इमारती पाहाव्यात: आज जिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे ती जुन्या कौन्सिल हॉलची इमारत, १८७६ची, टर्मिनस बांधणाऱ्या स्टीव्हन्स यांचीच, आणि समोर १९३३ चे रीगल, जे त्यांच्या मुलाने, चार्ल्स स्टीव्हन्स यांनी आखले. बाप घडीव दगडात बांधतो आणि मुलगा काँक्रीटमध्ये, हे एका जागी उभे राहून दिसते. मुलीला हे आवडेल.

पण तिथून सुरुवात करण्याचे खरे कारण दुसरे आहे. पूर्वी विधानसभा याच कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी कामगारांचा मोर्चा तिच्यावरच निघाला होता आणि फ्लोरा फाउंटनपाशी तो अडवून गोळीबार झाला. म्हणजे तुम्ही काळा घोडा, महात्मा गांधी मार्ग या वाटेने चौकाकडे चालाल, तेव्हा मोर्चाला जे अंतर तोडू दिले गेले नाही तेच तुम्ही उलट्या दिशेने चालत असाल. वाटेत न्यू इंडिया अश्युरन्सची १९३६ ची इमारत लागते. तिचा आराखडा मास्टर, साठे आणि भुता यांचा असून दर्शनी भागावरची उंच शिल्पे ना. ग. पानसरे यांची आहेत. मान वर करून पाहावी लागतात.

रस्ता सपाट आहे. सासऱ्यांना बसायचे असेल तर ओव्हलच्या कडेला थांबा, साडेचारनंतर राजाबाई टॉवरवर ऊन येईलच.

सुनंदा_माटुंगा | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

एक सूचना. काळा घोड्याच्या पुढे स्त्रियांसाठी बरे स्वच्छतागृह मिळणे कठीण आहे. निघण्यापूर्वी वस्तुसंग्रहालयात जाऊन यावे. फेरी घेणाऱ्या संस्था हे कधीच सांगत नाहीत आणि वयस्कर बायका त्यामुळेच येत नाहीत.

वैशाली_दादर | २३ नोव्हेंबर, रात्री १०.३०

आज आम्ही तिघे कोटकरांनी सांगितलेल्या मार्गाने जाऊन आलो. कोणताही वाटाड्या नव्हता, मी येथले प्रतिसाद कागदावर उतरवून नेले होते.

रीगलपासून न्यू इंडियाच्या इमारतीपर्यंत मी सांगत होते. त्यानंतर सासऱ्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांचे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि १९५५च्या त्या मोर्चात होते. सासरे तेव्हा आठ वर्षांचे. रात्री दिवे लागले तरी वडील परतले नाहीत, चाळीतल्या सगळ्या बायका जिन्यात बसून होत्या, आणि मध्यरात्रीनंतर ते अनवाणी आले, कारण पळापळीत चपला चौकातच राहिल्या होत्या. लग्न होऊन मला एकोणीस वर्षे झाली. हे मी आज पहिल्यांदा ऐकले.

दोन दिवसांपूर्वीच्या स्मृतिदिनाची फुले स्मारकापाशी सुकलेली पडली होती. मुलीने वही काढली आणि चपला नेमक्या कोणत्या बाजूला राहिल्या असतील, असे आजोबांना विचारले. त्यांनी कारंज्याकडे तोंड केले, थोडा वेळ पाहिले, आणि हाताने जागा दाखवली.

तिसरा_मजला | २३ नोव्हेंबर, रात्री ११.१०

वैशालीताई, काकांना परळ-लालबागला घेऊन याल का? ७ डिसेंबरला सकाळी साडेसात वाजता भारतमाता चित्रपटगृहाच्या दाराशी मी थांबतो. ते सांगतील, आम्ही ऐकू.

ओसरी | २३ नोव्हेंबर, रात्री ११.२५

मीही येते. दहापेक्षा जास्त नको, एवढे पाहा.